अल्टरच्या कामाला पायमशीन, मोटरची मशीन की जुकी?

गावात अल्टरचं, म्हणजे तयार कपडे मापात बसवून देण्याचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिली चौकशी मशीनच्या स्पीडची होते. पण अल्टरमध्ये मशीन कमी आणि हात जास्त चालतो. पँटची मोरी बारीक करायची तर टीप मारायला दोन मिनिटं पुरतात. जुनी टीप कापड न फाडता उसवायला, खडूने खूण करायला आणि इस्त्री फिरवायला त्याच्या पाचपट वेळ जातो. म्हणून जाड शिवणीवर टाका सुटतो का आणि लाइन गेल्यावर काम अडतं का, हे आधी पाहा.

जाड शिवणीची खरी परीक्षा जीन्सच्या मुडपीत होते. मांडीच्या आतून खाली येणारी शिवण एकात एक दुमडलेली असते, म्हणजे तिथे कापडाचे चार पदर. दुहेरी मुडप घातली की ते तिप्पट होतात, बारा पदर. त्या उंचवट्यावर चढताना फूट (कापड दाबून धरणारा भाग) तिरपं होतं, कापड सरकत नाही, सुई वाकते आणि शटलचं (सुईखाली फिरणारा, खालचा दोरा गुंतवणारा भाग) टोक दोऱ्याचा फास पकडू शकत नाही. टाका तिथेच सुटतो, नाहीतर सुई मोडते. मशीन कोणतीही असो, तो भाग हातोडीने ठोकून चपटा करा, आत जाणाऱ्या पट्टीतला फालतू जाडपणा कापा, फुटाच्या मागे जीन्सचाच घडी केलेला तुकडा सरकवून फूट सपाट करा. सुई 18 नंबरची लावा आणि ते पाच-सहा टाके चाक हाताने फिरवून घाला.

पायमशीनला हे काम चांगलं जमतं. खालचं लोखंडी चाक जड असल्याने जोर टिकतो, आणि एकेक टाका मोजून टाकता येतो. मे महिन्याच्या वावटळीत नाहीतर पहिल्या पावसात लाइन गेली तरी दुकान चालू. तिची चपट्या दांड्याची सुई गावच्या जनरल स्टोअर्समध्येही मिळते. त्रास चामडी पट्ट्याचा. तो ढिला पडला की चाक नुसतंच फिरतं. मग अर्धा इंच कापून तारेची क्लिप पुन्हा लावायची. शिकाऊ पायाने चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, ती सवय मोडायला आठवडाभर लागतो.

त्याच मशीनला छोटी मोटर बसवली की साईड दाबणं, कमर घेणं ही लांब टिपांची कामं झटपट होतात. पण हळू चालवताना या मोटरमध्ये ताकद नसते. व्होल्टेज कमी असलं तर ती नुसती घुमते, चाकाला हाताने ढकलावं लागतं. चाक अडलेलं असताना पायदान दाबून ठेवलं तर मोटर तापते. चामडी पट्टा मात्र फेकू नका. लाइन गेली की तो चढवायला दोन मिनिटं पुरतात.

जुकी म्हणजे कारखान्यात वापरतात ती मोठ्या मोटरची मशीन. तिची टीप सर्वांत एकसारखी येते, जीन्सही ती सहज ओढते. पण नवी घ्यायची तर पायमशीनच्या अडीच-तीन पट पैसे मोजावे लागतात. सुई गोल दांड्याची, ती तालुक्याहून आणून ठेवावी लागते. जाड कामाला बसवलेल्या जुकीवर जॉर्जेटचं ब्लाउज घेतलं तर कापड चुण्या धरतं. 11 नंबरची सुई लावून दोऱ्याचा ताण सैल करावा लागतो. जुनी क्लच मोटरची जुकी स्वस्तात दिसली तरी विचार करा. तिची मोटर टीप मारत नसतानाही फिरत राहते आणि मीटरही पळत राहतो. जुकीच हवी तर सर्वो मोटरची घ्या, ती पायदान दाबलं तरच चालते.

पाच-सात हजार वस्तीच्या गावात एकट्याने काम करणार असाल, तर पायमशीनला मोटर जोडून घेणं हाच शहाणपणाचा सौदा. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी बसून जूनमध्ये शाळेचे गणवेश गठ्ठ्याने घेणार असाल, तरच जुकीचे पैसे निघतील.

जुनी मशीन घेताना सुई ज्यात बसवतात तो दांडा चिमटीत धरून हलवून पाहा, खटखट वाजला तर सोडून द्या. कापडाखालचे दाते बोटाला टोचले पाहिजेत. गुळगुळीत झालेल्या दात्यांवर टेरिकॉट घसरतं आणि टाके लहान-मोठे पडतात. शटल काढून टोकावर नख फिरवा, खरवड लागली तर दोरा रोज तुटणार. तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि दात्यांखालचा कापसाचा भुसा त्यात चिकटून बसतो.