आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं

‘मोठ्या देणग्या कशा मिळवाव्यात’ ही संस्थांसाठीची दोन दिवसांची कार्यशाळा मी मार्च २०२४ मध्ये पुण्यात केली. फी साडेतीन हजार, जेवणासह. आमचं कराड तालुक्यात मुलींचं वसतिगृह आहे, मी चिटणीस. आजवर आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारे, पाचशे-हजारवाले. लाखाचा आकडा काढायची वेळ आली की माझी जीभच वळत नाही, म्हणून गेले.

पहिली सकाळ फुकट. देणगीदारांचा पिरॅमिड (पायाला लहान देणगीदार, टोकाला मोठे), इंग्रजी स्लाइड, उदाहरणं सगळी अमेरिकेतल्या विद्यापीठांची. शेजारचे गुरुजी कुजबुजले, “ताई, आपल्या पिरॅमिडला नुसता पायाच आहे.”

दुपारी सीए बाई आल्या आणि फी वसूल झाली. दोन हजारांवर रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही, हे माहीत होतं. पण वर्षभराच्या देणग्यांचं १०बीडी विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरलं नाही, तर रोज २०० रुपये विलंब शुल्क, आणि ते भरल्याशिवाय देणगीदाराला सवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्रही देता येत नाही, हे आमच्या तिन्ही विश्वस्तांच्या गावीही नव्हतं. नवी करप्रणाली घेणाऱ्याला ८०जीचा फायदाच नाही, हेही बाईंनी बजावलं. पुढे तेच कामी आलं.

देणगीदारांच्या नावाच्या पाट्यांवर मात्र त्यांचं-माझं जमलं नाही. खोलीला इतके, सभागृहाला तितके, असं दरपत्रक छापा म्हणे. आमच्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ आहे, आणि ते नाव फक्त वीज गेल्यावर वाचता येतं! पण ते देणाऱ्याने आपणहून सांगितलेलं. दरपत्रक हातात घेऊन माणसापुढे बसायचं मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशीचा सराव सगळ्यात मोलाचा. जोड्या लावून एकमेकांकडे मागायचं. आकडा सांगायचा आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. मी तीनदा नापास. “चार लाख” म्हटल्याबरोबर “नाहीतर जमेल तेवढं द्या” तोंडातून निसटायचंच.

मे महिन्यात कोल्हापूरच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे गेले. सौर गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी चार लाख मागितले आणि पदर घट्ट धरून बसले. ते म्हणाले, “माझी करप्रणाली नवी, पावतीचा मला उपयोग नाही. थंडीत पोरी आंघोळ कशी करतात ते सांगा.” मी चूल, लाकडं, पहाटेची रांग सगळं सांगितलं. अडीच लाखांचा चेक मिळाला. उरलेले दीड लाख अजून जमवतेय.

पहिल्यांदाच लाखात मागणार असाल तर जरूर जा, पण पहिल्या दिवशी दुपारीच पोहोचा. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीचं, सत्र अर्ध्या तासात गुंडाळलं, त्यासाठी जाऊ नका. आणि त्या जेवणातला पुलाव गार होता.