एमसीबी वारंवार पडतो: स्वतः बदलावा की वायरमन बोलवावा?
गीझर लावताच एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो, तेव्हा तो स्वतः बदलावा की परवानाधारक वायरमन बोलवावा, असा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला. खर्च आणि वेळ या दोन्ही बाबतींत स्वतः बदलणे सोपे वाटते. सुरक्षिततेत मात्र बरोबरीच होत नाही: 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर घेतो, त्यामुळे 16 अँपिअरचा एमसीबी पडत असेल, तर दोष बहुधा गीझरच्या कॉइलमध्ये, वायरिंगमध्ये किंवा सैल जोडणीत असतो, आणि त्याजागी 32 अँपिअरचा बसवल्यास 2.5 चौरस मिलिमीटरची तार धोकादायक तापली तरी तो पडेलच असे नाही. वायरमन मेगर या मोजणीच्या उपकरणाने इन्सुलेशन (विद्युतरोधक आवरण) तपासून मूळ दोष शोधतो. अनेक उपकरणे एकदम चालवल्यावरच एमसीबी पडत असेल, तर भार विभागणे पुरते. एकट्या गीझरवर पडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर वायरमनच बोलवावा.