कंपनीच्या कार्यक्रमाला वक्ता: नावाजलेला बोलवावा की गावातला?

फेब्रुवारी उजाडला की ओळखीच्या एचआरवाल्यांचे फोन सुरू होतात. "गेल्या वर्षी तुमच्याकडे कोण आलं होतं रे? बरं बोलले का?" 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, 8 ला महिला दिन, एप्रिल लागला की सेल्स मीट. सगळ्या कंपन्यांना प्रेरणा एकाच महिन्यात लागते. मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं हे काम करतोय आणि तेवढ्यात चार तऱ्हांचे वक्ते बोलावून झालेत. खरा प्रश्न दोघांतच अडतो: एजन्सीमार्फत येणारा नावाजलेला मोटिव्हेशनल स्पीकर, की स्वतः काहीतरी अवघड करून आलेला गावातला माणूस. माझ्या बाबतीत तो गिर्यारोहक होता.

उरलेले दोन आधी हातावेगळे करतो. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पुण्यात तोटा नाही. खडकवासल्याला एनडीए, कॅम्पात दक्षिण कमांड, आणि निवृत्तीनंतर अनेक जण इथेच घर करतात. आमच्याकडे आलेले कर्नलसाहेब वेळेच्या वीस मिनिटं आधी गेटवर हजर होते. मानधन स्वतःला नको, एका ट्रस्टच्या नावानं चेक द्या म्हणाले, त्यापायी आमच्या अकाउंट्सनं पंधरा दिवस घोळ घातला, तो भाग वेगळा. बोलले उत्तम. पण नंतर प्रश्न विचारायची एकाचीही छाती झाली नाही.

दुसरा कीर्तनकार. हसू नका. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधेमधे पेटी-तबला. माणसं दोन तास जागी ठेवण्याचं इतकं पक्कं तंत्र कुठल्या ट्रेनरकडे मी पाहिलेलं नाही. सदाशिव पेठेत नारद मंदिरात एकदा बसून आलात तर पटेल. आमच्या शॉपफ्लोअरवर निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, तिथे अभंग पोचेना, एवढीच अडचण. मराठी ऑफिस स्टाफ असेल तर जरूर विचार करा.

आता मुद्द्याचं.

नावाजलेल्या वक्त्याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. बॅनरवर चेहरा लागला की एमडी खूश. सेल्सची मंडळी, जी एरवी कार्यक्रमाला कँटीनच्या मागच्या दारानं गळतात, ती पहिल्या रांगेत फोन उंचावून बसतात. आणि कारागिरी असते. आमच्याकडे भर भाषणात माइक बंद पडला. साहेब एक क्षण थांबले नाहीत, मंचावरून खाली उतरून तसेच खड्या आवाजात बोलत राहिले. गावातला माणूस तिथे "हॅलो, हॅलो" करत बसला असता. खर्चाचं तुम्हाला माहीतच आहे: मानधन, त्यावर 18 टक्के जीएसटी, विमान, हॉटेल, सोबतच्या माणसाची खोली. आम्हाला सगळं मिळून गिर्यारोहकाच्या जवळपास दहापट पडलं. पण पुढच्या वर्षी तसा वक्ता न बोलावण्याचं माझं कारण पैसा नव्हतं. बजेट मंजूर होतं.

कारण असं, की त्या माणसाशी आधी दहा मिनिटं बोलायला मिळालं नाही.

मी एजन्सीच्या कोऑर्डिनेटरला चार वेळा सांगितलं, सरांशी एक फोन लावून द्या. "सर प्री-कॉल घेत नाहीत, तुम्ही फॉर्म भरा." फॉर्म आला, चौदा रकान्यांचा. मी शहाण्यासारखा सगळा भरला. श्रोते कोण, वय काय, भाषा कोणती. 'विशेष माहिती' या रकान्यात लिहिलं की एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर गेल्यामुळे जानेवारीत आमची तीन नंबरची लाइन बंद झाली, चाळीस कंत्राटी पोरं घरी गेली, वातावरण नाजूक आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब तळेगाव चौकात अडकले. त्याबद्दल तक्रार नाही, तिथे कोणीही अडकतो. चाळीस मिनिटं उशिरा आले, गाडीतून थेट मंचावर. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग म्हणाले, ज्याला नोकरी जाण्याची भीती वाटते तो आयुष्यात कधी मोठा होत नाही. पुढे, मी स्वतः राजीनामा कसा टेबलावर फेकला त्याचा किस्सा. कँटीनच्या शेडमध्ये दोनशे चाळीस माणसं होती, पंख्याची घरघर ऐकू येत होती. तीन नंबरचा जुना सुपरवायझर माझ्याकडे वळून बघत होता. मी मान खाली घातली.

त्यानंतर सगळ्यांना उभं करून "येस!" म्हणायला लावलं. आता 1875 पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेल्या पुण्याकडचा श्रोता. तो व्याख्यानाला बसतो तोच हाताची घडी घालून. मुकादमानं "येस" म्हटलं ते हजेरी दिल्यासारखं. शेवटी पडद्यावर त्यांच्या पुढच्या कोर्सचा क्यूआर कोड आला.

नंतर चहाच्या वेळी मी त्यांना लाइनबद्दल हळूच सांगितलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. फॉर्म एजन्सीच्या ईमेलमध्येच पडून होता. म्हणजे माणूस वाईट नव्हता, व्यवस्थाच अशी की माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच नव्हती. प्रत्येक एजन्सी अशीच असेल असं मी म्हणणार नाही. माझा अनुभव एका एजन्सीचा, एका दुपारचा.

पुढच्या वर्षी गिर्यारोहक. पुण्यात हे सोपं आहे. 'गिरिप्रेमी' या इथल्या गिर्यारोहण संस्थेची 2012 ची एव्हरेस्ट मोहीम, 2019 मध्ये एकाच मोहिमेतून दहा जण कांचनजुंगाच्या माथ्यावर, आणि शनिवारी रात्री सिंहगडाकडे निघणारी पोरं तर दर गल्लीत. मला मित्राच्या ओळखीतून असा माणूस मिळाला, जो एका हिमालयीन मोहिमेत शिखरावर गेलाच नव्हता. बेस कॅम्पवर सामान आणि शिधा सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. एमडींनी विचारलं, "म्हणजे हा चढला नाही?" मी म्हटलं, आपल्या स्टोअर्सवाल्यांना हाच बरा.

त्यानं दुसऱ्याच दिवशी स्वतः फोन केला. माणसं बसून काम करतात की उभ्यानं? शिफ्ट किती वाजता सुटते? हिंदी चालेल ना? आणि मग, "या वर्षी काही वाईट झालंय का?" मी लाइनचं सांगितलं. तो जरा थांबला. म्हणाला, मग शिखरावर झेंडा धरलेले फोटो नकोत.

तो परत फिरण्यावर बोलला. शेवटच्या चढाईला निघण्याआधीच परतीची वेळ ठरते, ती झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचं, कारण आठ हजार मीटरच्या वर शरीर विश्रांती घेऊनही सावरत नाही. त्यांचा एक जण असा वळला होता. तो तंबूत परत आल्यावर त्याला काय खायला दिलं, त्याच्याशी कोण बोललं, कोण बोलू शकलं नाही, एवढंच सांगितलं. लाइनचा उल्लेख एकदाही केला नाही. शेडमध्ये शांतताच होती, गेल्या वर्षीसारखी नव्हती.

मग मेंटेनन्सच्या एकानं विचारलं, वर चहा कसा होतो? गडी खुलला. बेस कॅम्पच्या उंचीवर पाणी 82-83 अंशांनाच उकळतं, डाळ कितीही उकळा शिजत नाही, कुकरशिवाय गत्यंतर नाही आणि कुकरची रबरी रिंग विसरली तर अख्खी मोहीम उपाशी. स्पेअर पार्ट्स या विषयावर आमच्या स्टोअर्समध्ये इतकी चर्चा मी आधी कधी ऐकली नव्हती. बसच्या वेळेपर्यंत प्रश्न चालू होते, दोन तर भोजपुरीत.

उणिवा आहेत, लपवत नाही. सुरुवात रटाळ. ऐंशी स्लाइड आणल्या होत्या, त्यातल्या पन्नास मी आदल्या दिवशी काढायला लावल्या. व्हिडिओ चालला नाही. माइक हनुवटीखाली धरत होता. आणि या लोकांत नीट पारखून घ्यावं लागतं, कारण डोंगर चढलेला प्रत्येक जण बोलू शकतो असं नाही. मी आधी त्याचं एका शाळेतलं भाषण मागे उभं राहून ऐकलं होतं.

तेव्हा हॉटेलच्या हॉलमध्ये आठशे डीलर असतील, अर्धे परगावचे असतील आणि नावावरच गर्दी जमवायची असेल, तर मोठं नाव घ्या. तिथे प्री-कॉलची अट आधी करारात लिहून घ्या आणि ती नाकारली तर दुसरं नाव बघा. आपल्याच माणसांसाठी, आपल्याच शेडमध्ये कार्यक्रम असेल तर मी तरी पुन्हा एजन्सीकडे जाईन असं वाटत नाही. मार्चसाठी मात्र डिसेंबरातच बोलून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात ही मंडळीही रिकामी नसतात.

यंदाही त्यालाच विचारलंय. काल त्याचा मेसेज आला, पहिल्या शिफ्टची बस अजून पावणेचारलाच सुटते का. ती आता साडेतीनला सुटते, ते कळवायचं राहिलंय.