सोडियम-पोटॅशियम पंपाची लाकडी प्रतिकृती: दोन महिन्यांच्या वापरानंतर

विदर्भातील शाळा-महाविद्यालये जूनअखेरीस गजबजू लागतात, त्याआधीच नागपूरच्या बर्डीवरील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून ही प्रतिकृती मी १,४५० रुपयांना घेतली आणि तेव्हापासून अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासाला ती वापरत आहे.

फळीवरील मण्यांची दुहेरी ओळ म्हणजे पेशीपटल, त्यात बसवलेला फिरता ठोकळा म्हणजे पंप, अर्थात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे प्रथिन, आणि सोबत तीन फॉस्फेटचे तुकडे जोडलेली एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, पट्टी. आतल्या बाजूने तीन नारिंगी गोट्या, म्हणजे सोडियमचे आयन, खाचांत बसवल्या तरी ठोकळा जागचा हलत नाही. पट्टीचा शेवटचा तुकडा काढून खोबणीत दाबला की मगच खटका सुटतो, ठोकळ्याचे तोंड बाहेर वळते आणि गोट्या निसटतात. मग बाहेरून पोटॅशियमच्या दोन हिरव्या गोट्या बसवून तुकडा काढला की ठोकळा पुन्हा आत वळतो. एटीपी आयनांना मागून ढकलते, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. ऊर्जा खर्च होते ती प्रथिनाचा आकार बदलण्यात, हे इथे त्यांच्या बोटांना कळते. शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतांवर काम करून हा पंप उजेडात आणला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. त्या कामाचा गाभा या खटक्यात उतरला आहे, असे मला मनापासून वाटते.

मोठा दोष असा की पटलाच्या दोन्ही बाजूंना गोट्या सारख्याच दिल्या आहेत. प्रत्यक्षात सोडियम बाहेर लिटरमागे सुमारे १४५ मिलिमोल तर आत जेमतेम १२ असतो, आणि पोटॅशियमचे नेमके उलट. दोन्ही बाजूंच्या प्रमाणातला हा चढच दिसला नाही, तर पेशी एवढा खर्च कशासाठी करते हे मुलांना कसे कळावे? मी जास्तीच्या गोट्या आणून ही उणीव भरून काढली. माहितीपत्रकात तीन आणि दोन या संख्यांचीही अदलाबदल झाली आहे. दुकानदारांनी चूक मान्य केली, पण सुधारित पत्रक अजून मिळालेले नाही.

सोडियमसोबत ग्लुकोज आत नेणारा वाहक यात नाही, याची खंत अधिक आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा घरोघरी ओआरएसची पाकिटे फोडली जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात सोडियम व ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात. आतड्याच्या पेशीच्या रक्ताकडील बाजूला असलेला हाच पंप आतला सोडियम सतत उपसतो. म्हणून आतड्याच्या पोकळीतला सोडियम उताराने आत शिरताना त्याच वाहकातून ग्लुकोजला सोबत नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. सध्या पुठ्ठ्याचा वाहक कापून मी फळीच्या उजव्या टोकाला चिकटवला आहे. निर्मात्यांनी तो लाकडात करून दिला, तर तीनशे रुपये जास्त मोजूनही मी दुसरी प्रतिकृती घेईन.