नौपाड्यातली पगारपत्रक सेवा: वाढीचा हिशेब चोख, 'फुल अँड फायनल'ला ढिली

दुकानात, कॅफेत किंवा गोदामात कॉलेजवयीन पोरं ठेवणाऱ्यांना जानेवारी आणि जुलै जड जातात. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकाला बांधलेला असल्यामुळे तो वर्षातून दोनदा बदलतो. परिपत्रक उशिरा हाती आलं की फरक मागाहून द्यायचा. ही सेवा त्यासाठीच घ्यायची. हजेरी पाठवली की पगारपत्रक, स्लिपा, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार आरोग्य विमा) यांची चलनं तयार होऊन येतात. दर माणशी महिना ११० रुपये, पण कमीत कमी १,५००. म्हणजे तेरा माणसांपर्यंत किमान आकारच लागतो. चार पोरांच्या दुकानाने या वाटेला जाऊ नये.

पैसे वसूल होतात ते भत्ता बदलल्यावर येणाऱ्या एक पानी तक्त्यात. समजा, पगार १५,००० च्या आत आहे आणि वाढ ६०० रुपयांची आहे. मालक ६०० च धरून बसलेला असतो. त्यावर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्च आणि विम्यासकट १३ टक्के, म्हणजे ७८. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे १९.५०. बोनस ७,००० किंवा किमान वेतन यांतल्या मोठ्या रकमेवर काढायचा, म्हणून वाढ तिथेही शिरते: ८.३३ टक्क्यांनी ५०. एकूण ७४७.५०. बावीस पोरांचे महिन्याला १६,४४५ होतात, १३,२०० नव्हे. बोनस दिवाळीला द्यायचा असला तरी तो दरमहा बाजूला काढायला लावतात, हे बरं. वर्षात तीस दिवसही न भरलेल्या पोराला तो लागू नाही, हेही तक्त्यात असतं.

महिन्याच्या पगारावरून दिवसाचा दर काढताना भागाकार २६ ने करतात. काही सॉफ्टवेअरमध्ये तो ३० ने होतो आणि रोजंदारीवरच्या पोराच्या ६०० च्या वाढीतले दिवसाला २३.०८ ऐवजी २० च हातात पडतात. ओव्हरटाइम दुप्पट धरतात, तासाला ५.७७ ची वाढ.

किमान वेतनाच्या वर्गवारीत (कुशल, अर्धकुशल, अकुशल) मात्र आळस. विचारल्याशिवाय सगळ्यांना अकुशलमध्ये टाकतात. वर्ग कामावरून ठरतो, वयावरून नाही. बिलिंगला बसणारा अठरा वर्षांचा पोरगा अकुशल दाखवला तर तपासणीत फरकाची वसुली ठरलेली. शिवाय नवा आणि दीड वर्ष काउंटर सांभाळलेला एकाच आकड्यावर येतात, आणि जुना चार दुकानं पलीकडे जातो. याची सूचना तक्त्यात यायला हवी, ती येत नाही.

वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र मागतात. बरोबर आहे; पीएफकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार २०२४ पासून चालत नाही.

खरी अडचण पोरं परीक्षेच्या तोंडावर सोडून जातात तेव्हा होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे सोडणाऱ्याचं शेवटचं देणं, म्हणजे 'फुल अँड फायनल', दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. यांचा हिशेब आठवड्याने येतो. तोवर शेवटच्या महिन्याची हजेरी आणि उचल स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, २६ ने भागा आणि रक्कम देऊन टाका.