कोरल रीफ वॉच : समुद्राचा ताप मोजणारी भरवशाची सेवा, पण प्रवाळ ओळखण्याचे काम आपलेच

अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व सागर संस्थेची 'कोरल रीफ वॉच' ही सेवा उपग्रहांच्या नोंदींवरून जगभरच्या प्रवाळभित्तींवर उष्णतेचा किती ताण आहे हे दररोज जाहीर करते, तेही विनामूल्य. लक्षद्वीपच्या प्रवाळांसाठी मी ती उन्हाळाभर नेमाने पाहतो आणि समुद्राविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती कशी वाचायची हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

सेवेचा गाभा म्हणजे 'डिग्री हीटिंग वीक्स' हा आकडा. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान आधार धरतात आणि पाणी त्याहून किमान १ अंश सेल्सिअसने तापले की वाढ मोजू लागतात. मागील १२ आठवड्यांतील वाढीची बेरीज म्हणजे हा आकडा. त्यामुळे पाणी ४ आठवडे २ अंशांनी जास्त राहिले तरी ८ आणि ८ आठवडे १ अंशाने जास्त राहिले तरी ८च. बेरीज ४ वर गेली की लक्षणीय विरंजनाचा, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याचा, आणि ८ वर गेली की मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मरण्याचा इशारा मिळतो. पूर्वी मोजपट्टी येथेच संपत असे. २०२३ मधील अभूतपूर्व उष्णतेनंतर तिला १२, १६ आणि २० अशा आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या, हे पाहून मन खिन्न होते. लक्षद्वीपच्या आलेखात तापमानाची रेघ उंबरठ्याची आडवी रेषा ओलांडते आणि तिच्याखाली साचलेल्या उष्णतेचा चढ हळूहळू उभा राहतो. हे चित्र कोणालाही पाहताक्षणी कळावे इतके स्वच्छ आहे.

परंतु हा आकडा पाण्याचा आहे, प्रवाळाचा नाही. उष्णता वाढली की प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात, प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो आणि पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. ही वेळ कधी येते हे जातीवर अवलंबून असते. फांद्यांचा, झपाट्याने वाढणारा ॲक्रोपोरा आणि पोसिलोपोरा सहसा आधी पांढरे पडतात व आधी मरतात. पोराइट्ससारखे घुमटाकार, संथ वाढणारे प्रवाळ, ज्यांची ऊती सच्छिद्र सांगाड्यात काही मिलिमीटर खोल गेलेली असते, पुष्कळदा तग धरतात. १९९८ मध्ये जपानच्या ओकिनावाजवळील सेसोको बेटापाशी नेमके हेच घडले. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात २०१६ साली तर बेरीज ८ वर पोहोचण्याआधीच उष्णतेला हळवे प्रवाळ मरू लागले होते. एकाच जातीतही फरक पडतो: ॲक्रोपोरात ड्युरुस्डिनियम या गटाचे शैवाल असेल तर सहनशक्ती सुमारे १ ते १.५ अंशांनी वाढते, पण त्याची किंमत मंदावलेल्या वाढीत मोजावी लागते.

म्हणून ४ हा आकडा फांद्यांच्या प्रवाळांनी भरलेल्या उतारावर संकट असू शकतो, तर पोराइट्सचे वर्चस्व असलेल्या जागी फिकटपणापुरता राहू शकतो. मालवणच्या गढूळ पाण्यात पोराइट्स, टर्बिनारिया यांसारखे प्रवाळ आहेत; तेथे हा आलेख लक्षद्वीपच्या मापाने वाचणे चूक ठरेल. शिवाय उपग्रह-नोंदीच्या ५ किलोमीटरच्या चौकटीत प्रवाळभित्तीच्या आतले उथळ सरोवर आणि बाहेरचा खोल उतार यांचे तापमान वेगळे दिसत नाही. भारतापुरता इशारा हवा असल्यास हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी सागर-माहिती केंद्राची विरंजन-सूचना सेवा सोबत पाहावी.

'कोरल रीफ वॉच'ने प्रत्येक ठिकाणाच्या पानावर तेथील प्रमुख प्रवाळगटांची नोंद दिली, तर या सेवेचा उपयोग कितीतरी वाढेल. तोवर ते काम पाण्यात उतरणाऱ्यांनीच करावे: ई-मेलवरचा इशारा येताच ठरावीक वसाहतींची छायाचित्रे दर आठवड्याला घ्यावीत आणि प्रत्येकीचा गट लिहून ठेवावा. पांढरा पडलेला प्रवाळ बहुधा अजून जिवंत असतो आणि पाणी वेळीच निवले तर सावरतो. सांगाड्यावर मळकट तपकिरी शैवालाची लव चढू लागली की मात्र तो भाग गेला असे समजावे.