सिरपूर तलावावरचं रविवारचं श्रमदान: आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनपासून महिन्यातले दोन रविवार मी इंदूरच्या सिरपूर तलावावर श्रमदानाला जाते. पक्षी बघणाऱ्या मंडळींचा एक छोटा गट हे चालवतो. नाव फोनवर नोंदवायचं, पैसे काही नाहीत, सकाळी साडेसहाला जमायचं आणि नवाच्या आत मोकळं. राजेंद्रनगरातल्या आमच्या भिशीत दोघींनी विचारलं, "खरंच काम असतं का गं, की बॅनर धरून फोटो?" त्यांच्यासाठी, आणि जायचं मनात असूनही पाऊल न उचललेल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

काम असतं. चांगलं दमवणारं असतं.

पहिल्या रविवारी जलपर्णी काढायची होती. मला वाटलं, ओढायची आणि काठावर टाकायची. तसं नाही. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिला आडवे धुमारे फुटतात आणि त्यातला एखादा तुकडा पाण्यात राहिला तरी पुन्हा रोप उभं राहतं. म्हणून देठ धरून खेचायचं नाही, खालून दोन्ही हात घालून अख्खा गड्डा उचलायचा. तोही लगेच बाहेर फेकायचा नाही, आधी पाण्यातच चार वेळा खळबळायचा. मुळं काळी, लांब, ओल्या केसांसारखी. खळबळली की त्यातून नखाएवढ्या गोगलगायी आणि माशांची पिल्लं सुटतात. एकदा तर आरपार दिसणारी इवलीशी कोळंबी माझ्या मनगटावर क्षणभर थांबून पाण्यात गेली. मग गड्डा काठापासून लांब वाळत घालायचा, पावसाच्या लोंढ्याबरोबर परत तलावात येणार नाही इतका लांब. दोन तासांत आम्ही अकरा जणांनी जेमतेम एका खोलीएवढं पाणी मोकळं केलं. पुढच्या खेपेला त्याच जागी टिबुकली बुड्या मारत होती.

पण या गटाचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे काय करायचं नाही, हे ते शिकवतात. आपण इंदूरचे लोक. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, ओला-सुका वेगळा केल्याशिवाय आपला हात डब्याकडे जात नाही. कुठे काही वाढलेलं, कुजलेलं, चिखलातलं दिसलं की हात शिवशिवतात. जुलैत मी काठचं पाणकणीस उपटायला घेतलं होतं, अगदी गचपण दिसत होतं म्हणून. गटाचं काम बघणारी मुलगी, रामबागेतली, माझ्या लेकीच्या वयाची, धावतच आली. "काकू, ते राहू द्या. आत जांभळ्या पाणकोंबड्यांची घरटी आहेत." मी थांबले. थोड्या वेळानं त्याच पात्यांतून एक बाहेर आली, निळी-जांभळी, लाल चोचीची, आणि तिच्या मागे काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी दोन पिल्लं. अजून अर्धा तास माझा हात चालला असता तर त्यांचं घर गेलं असतं. मला त्या दिवशी नाश्ता गेला नाही. तेव्हापासून मी आधी विचारते, मग वाकते. प्लास्टिक, थर्माकोल, मांजा उचलायचा. वठलेलं झाड, काठचं गवत, चिखल जसंच्या तसं ठेवायचं. शेकाट्या आणि तुतारी या पक्ष्यांचं पोट त्या चिखलातच भरतं, आणि पाणकावळे पंख वाळवायला वठलेल्या फांदीवरच बसतात.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. भारतीय उपखंडात ती 1987 पासून दर जानेवारीत होते आणि मोजतात ते बहुतेक आपल्यासारखेच हौशी लोक. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंतसागर हे तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, 2025 च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूरला रामसरची पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदा. तलावात कोण आलं, कोण येईनासं झालं, हे कळतं ते गणनेच्या अशा नोंदवह्यांमधूनच. थवा एकेक करून मोजता येत नाही. डोळ्यांनी दहाचा गठ्ठा बांधायचा, मग तसे किती गठ्ठे बसतात ते बघायचं. मला मोजायला वारकरी नावाचे पाणपक्षी दिले होते, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, चुकायला जागा नाही. बाकी सगळे हिंदी-इंग्रजी नावं घेत होते. मी मात्र एका बदकाचं नाव मराठीतच सांगितलं: हळदी-कुंकू. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचा ठिपका. दुर्बिणीतून प्रत्येकानं रांगेनं बघितलं आणि दिवसभर तेच नाव चाललं.

आता तक्रारी. जमायची जागा बदलल्याचा निरोप रात्री अकरानंतर येतो. अशा वेळी झोपलेल्या माणसानं काय करायचं? ऑगस्टमध्ये मी पावसात दुसऱ्याच फाटकाशी पाऊण तास उभी होते. कधी कधी एखाद्या कंपनीची चाळीस-पन्नास माणसं एकदम आणतात. गोंगाटानं पक्षी उठतात, आणि नोव्हेंबरात तर त्यांच्याच पाण्याच्या बाटल्या आम्हाला वेचाव्या लागल्या. हे थांबायला हवं, आणि मी तसं तोंडावर सांगितलं आहे. मिळणारे हातमोजेही पातळ, एकाच मापाचे. माझे दुसऱ्याच गड्ड्याला फाटले.

तरी पाचपैकी चार. गुडघे दुखणाऱ्यांनी जलपर्णीच्या कामाला जाऊ नये, गणनेला जरूर जावं. मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पांढरे-लाल नकोत. पाण्याची बाटली घरची न्या. परत येताना वाटेत पोहे-जलेबी मिळतात, वर जिरावन, म्हणजे इंदुरी मसाला, मागून घ्या.

हातमोजे बागकामाचे, मनगटाच्या वर येणारे विकत घ्या. यंदाच्या माझ्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी तेच जोड दिले. त्यातल्या तीन जणी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ते घालून माझ्याबरोबर आल्या होत्या.